मंजुरी कशाची?

सुरतेतील महीधरपुऱ्याच्या हिराबाजारात दुपारी उभे राहिले, तर स्कूटरच्या आसनावर कागदाची पुडी उलगडून, चिमट्याने एकेक खडा उचलून, डोळ्याला भिंग लावून तो उजेडाकडे धरणारे दलाल जागोजाग दिसतात. आणि अर्ध्या कॅरटच्या खड्यासाठी पाऊण घटका खर्ची घालणारे हेच चिकित्सक गृहस्थ एखाद्या औषधी कंपनीचे समभाग मात्र चहा निवण्याच्या आत विकत घेऊन मोकळे होतात, कारण कोणीतरी त्यांना सांगितलेले असते, 'मंजूरी मळी गई'. हे तीन शब्द मी २०२० आणि २०२१ या कोविड महामारीच्या दोन वर्षांत सुरतेत इतक्या वेळा ऐकले की त्यांचा मला उबग आला. आणि अद्यापही कोठे नव्या तापाची वार्ता आली की ते पुन्हा ऐकू येतात. उधना-लिंबायतकडील आमची खानदेशी मंडळीही या बाबतीत मागे नाहीत. 'सर, कंपनीला मंजुरी मिळाली म्हणजे औषध लागू पडतं, असंच ना?' असे मला विचारले जाते, आणि मी 'नव्हे' म्हटले की विचारणाऱ्याच्या मुद्रेवर, मास्तरांना बाजार कळत नाही, असा अनुकंपेचा भाव उमटतो.

बाजार मला कळत नाही, हे खरे. परंतु 'मंजुरी' या शब्दाच्या पोटात किमान चार निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या आहेत, हे कळण्यास बाजार कळावा लागत नाही.

पहिली मंजुरी म्हणजे चाचणी घेण्याची परवानगी. महानगरपालिकेने घराचा नकाशा मंजूर केला म्हणून कोणी त्या नकाशात बिऱ्हाड हलवीत नाही. चाचणीच्या परवानगीची योग्यता त्या नकाशाइतकीच असते. प्राण्यांवरील प्रयोगांचे दाखले, चाचणीची आखणी, नैतिकता समितीची संमती, इजा झाल्यास स्वयंसेवकाला द्यावयाची भरपाई, हे सारे औषध नियंत्रकांचे दफ्तर तपासते. औषध गुणकारी आहे काय, हा प्रश्न त्या वेळी सुटलेला नसतो आणि तो सुटलेला नसतो म्हणूनच चाचणी घ्यावयाची असते. ज्यांना हे पटत नाही त्यांनी २०१९ चे 'नवी औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियम' उघडून पाहावेत. भारतातच शोधलेल्या औषधाच्या चाचणीसाठी अर्ज दाखल झाला आणि तीस कामकाजी दिवसांत दफ्तराकडून काहीच उत्तर आले नाही, तर परवानगी मिळाली असे समजावे, अशी स्पष्ट तरतूद त्यांत आहे. कारकुनाच्या मौनानेही जी गोष्ट पदरात पडू शकते, ती मिळाल्याबद्दल पेढे वाटणाऱ्यांना काय म्हणावे?

दुसरी मंजुरी आणीबाणीच्या परिस्थितीत मर्यादित वापराची, आणि खरा घोटाळा हिच्यामुळे होतो. १९ जून २०२० रोजी मुंबईच्या ग्लेनमार्क कंपनीला फॅविपिराविर या गोळीसाठी अशी मंजुरी मिळाली. रुग्णाची लेखी संमती घेऊनच ती द्यावी, अशी अट तीत होती. जी गोळी देण्यापूर्वी रुग्णाची सही घ्यावी लागते तिच्याविषयी सरकारच्या मनात किती खात्री असेल, हा विचार कोणी केला नाही. सोमवारी, २२ जूनला, बाजार उघडताच समभाग एका क्षणी सुमारे चाळीस टक्क्यांनी उसळला आणि संध्याकाळी सत्तावीस टक्क्यांच्या आसपास वाढ राखून बंद झाला. दीडशे रुग्णांवरील तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष त्या दिवशी जाहीरच झालेले नव्हते! ते महिनाभराने आले आणि पुढे 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ इन्फेक्शस डिसीजेस' या नियतकालिकात सविस्तर छापले गेले. चाचणीने आरंभीच जो मुख्य प्रश्न ठरवला होता, म्हणजे विषाणू शरीरातून नाहीसा होण्यास लागणारा काळ, त्याचा मध्यक गोळी घेणाऱ्यांत पाच दिवस व न घेणाऱ्यांत सात दिवस भरला. दोन दिवसांचा हा फरक ऐकायला बरा वाटतो. पण औषध निखालस निरुपयोगी असते तरी एवढा किंवा याहून मोठा फरक केवळ योगायोगाने शंभरांत तेरा वेळा दिसला असता. शास्त्रसंमत मर्यादा पाचाची आहे. म्हणजे मुख्य परीक्षेत गोळी उत्तीर्ण झाली नाही. लक्षणे ओसरण्याचा काळ पाचावरून तीन दिवसांवर आला, हा दुय्यम निकाल मर्यादेत बसला, आणि अर्थातच जाहिरातीत तोच ठळक झाला. २०२० च्याच जुलैत शिरूरचे खासदार अमोल कोल्हे यांनी गोळीची किंमत व दावे यांविषयी तक्रार केली, तेव्हा औषध नियंत्रकांनी कंपनीकडे खुलासा मागितला.

याच गोळीची अधिक मोठी कसोटी कॅनडातील हॅलिफॅक्स येथील अपिली थेराप्युटिक्स या चिमुकल्या कंपनीने लावली, हैदराबादची डॉ. रेड्डीज तिची सहकारी होती. बारा-पंधराशे रुग्णांच्या त्या चाचणीचा निकाल नोव्हेंबर २०२१ मध्ये लागला आणि मुख्य प्रश्नावर गोळी सपशेल हरली. तोवर आपल्याकडे ती किती घरांत गिळली गेली होती, हे वाचकांनी आपल्याच औषधाच्या डब्याला विचारावे.

तिसरी मंजुरी वैद्यकीय, म्हणजे उपचारांच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत नाव येणे. मोल्नुपिराविर या औषधाला २८ डिसेंबर २०२१ रोजी नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ५ जानेवारी २०२२ रोजी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या प्रमुखांनी, सुरक्षिततेविषयी गंभीर शंका असल्याने ते मार्गदर्शिकेत घेतलेले नाही, असे सांगितले. दोन्ही कचेऱ्या एकाच सरकारच्या. चौथी मंजुरी खजिन्याची, आणि तिची कथा अहमदाबादच्या झायडस कंपनीच्या लसीला विचारावी: २० ऑगस्ट २०२१ ला मान्यता, मग भावाची घासाघीस, आणि नोव्हेंबरात सरकारची मागणी आली ती एका मात्रेस २६५ रुपये व टोचणीच्या उपकरणास ९३ रुपये या दराने; कंपनीने मात्र तीन मात्रांचे १९०० रुपये सुचवले होते.

दुसरा एक गैरसमज हिरेबाजाराला तरी शोभत नाही. चाचणी हरली की कंपनी म्हणते, 'तथापि अमुक गटात उल्लेखनीय लाभ दिसला.' अमेरिकेतील सायटोडिन या छोट्या कंपनीचे लेरोनलिमॅब हे त्याचे नमुनेदार उदाहरण. डॉलरभराच्या आसपास घोटाळणारा तिचा समभाग जून २०२० अखेरीस दहा डॉलरच्या घरात गेला. मार्च २०२१ मध्ये ३९४ रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला आणि मृत्यू कमी करण्याच्या मुख्य कसोटीवर औषध अपयशी ठरले. कंपनीने त्यांतील अत्यवस्थ ६२ रुग्ण वेगळे काढून त्यांच्यातील घट पुढे केली. पुडीतले चार पाणीदार खडे चिमट्याने बाजूला काढून त्यांवरून सगळ्या पुडीचा भाव सांगणाऱ्या दलालाला महीधरपुरा दुसऱ्यांदा उभा करील काय? १७ मे २०२१ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, उपलब्ध माहितीवरून या औषधाचा लाभ सिद्ध होत नाही, असे जाहीर निवेदन काढले. आणि डिसेंबर २०२४ मध्ये तेथील ज्यूरीने कंपनीच्या माजी मुख्याधिकाऱ्यांना गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरवले.

किरकोळ भ्रमांचा परामर्श थोडक्यात घेतो. तुटवडा म्हणजे गुणाचा पुरावा नव्हे: एप्रिल २०२१ मध्ये याच शहरात रेमडेसिविरच्या कुप्यांसाठी लोक उन्हात रांगा लावून उभे होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच इस्पितळांतील रुग्णांना ते देऊ नये अशी सशर्त शिफारस केली होती (पुढे ती काही अंशी बदलली, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे). चाचणीच्या दुसऱ्या टप्प्यातून पार पडणे म्हणजे निम्मा रस्ता सरणे नव्हे. त्यानंतरही बरीच औषधे अडखळतात. आणि नाव म्हणजे धंदा नव्हे: 'बॉम्बे ऑक्सिजन इन्व्हेस्टमेंट्स'ने वायूचा व्यवसाय २०१९ मध्येच गुंडाळलेला असताना २०२१ च्या एप्रिलात प्राणवायूच्या टंचाईत तिचा समभाग काही आठवड्यांत दुपटीहून वर गेला. यावर भाष्य करण्याचे त्राण मला नाही.

चाचण्यांची भारतीय नोंदवही, सीटीआरआय, २००७ पासून सर्वांस विनामूल्य खुली आहे. तीत प्रत्येक चाचणीच्या नोंदीत 'प्रायमरी आउटकम' असा रकाना असतो. समभाग घेण्यापूर्वी, भिंग लावून, तेवढा एक रकाना वाचावा, आणि निकालाच्या दिवशी कंपनी त्याच रकान्याविषयी बोलते आहे की दुसऱ्याच, एवढे पाहावे.

फॅविपिराविरच्या मंजुरीच्या तीन दिवस आधी, १६ जून २०२० रोजी, ऑक्सफर्डच्या संशोधकांनी जाहीर केले की कृत्रिम श्वसनावरील रुग्णांतील मृत्यू एका औषधाने सुमारे एक तृतीयांशाने घटले. त्या औषधाचे नाव डेक्सामेथासोन. ते १९५० च्या दशकातले, त्यावर कोणाचे पेटंट नाही, आणि गल्लीतल्या औषधाच्या दुकानात त्याची कुपी काही रुपयांत मिळते. त्या दिवशी महीधरपुऱ्यात कोणी त्याचे नाव काढले नाही.