पारख्याची पारख

१ जुलै २०२५ रोजी ‘फेकस्पॉट’ ही सेवा बंद झाली. अ‍ॅमेझॉनसारख्या संकेतस्थळावरच्या एखाद्या वस्तूची लिंक तिला दिली, की त्या वस्तूचे रिव्ह्यू कितपत विश्वासार्ह आहेत हे ती ‘ए’ ते ‘एफ’ अशा श्रेणीत सांगत असे. २०१६ साली सुरू झालेली ही सेवा फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने २०२३मध्ये विकत घेतली आणि दोन वर्षांत ती गुंडाळली. आता बनावट रिव्ह्यू ओळखायचे कसे, हा प्रश्न तिच्यावर विसंबणाऱ्यांना पडणे साहजिक होते. पण त्याच्याही आधीचा प्रश्न फारसा विचारला जात नाही. ज्या श्रेणीकडे पाहून लोक वस्तू घेत होते किंवा टाळत होते, त्या श्रेणीची खातरजमा कोणी केली होती? अशी साधने आजही अनेक आहेत आणि पुढेही निघतील. त्यांच्याबद्दल उपलब्ध असलेला पुरावा नीट पाहिला, तर एकच निष्कर्ष निघतो. गडबड कोणत्या भागात आहे, हे ती घाऊक पातळीवर बऱ्यापैकी दाखवू शकतात. समोरचा हा एक रिव्ह्यू खरा की खोटा, याचा निवाडा करण्याइतकी ती भरवशाची नाहीत.

ही साधने साधारण तीन प्रकारच्या खुणा शोधतात. पहिली खूण मजकुरातली: तेच ते शब्द, अतिरेकी स्तुती, एकमेकांची नक्कल वाटणारी वाक्ये. या विषयावरच्या सुरुवातीच्या संशोधनात नितीन जिंदाल आणि बिंग लिऊ यांनी २००८ साली अ‍ॅमेझॉनवरचे सुमारे ५८ लाख रिव्ह्यू तपासले, तेव्हा वेगवेगळ्या वस्तूंखाली जवळपास जसाच्या तसा चिकटवलेला मजकूर हाच त्यांचा मुख्य धागा होता. दुसरी खूण वागणुकीची: एकाच दिवशी रिव्ह्यूंची लाट येणे, एखाद्या खात्यावरून फक्त पाच तारेच दिले जाणे. तिसरी खूण संबंधांची: तीच माणसे पुन्हा पुन्हा त्याच वस्तूंखाली एकत्र भेटणे. या सगळ्या खुणा संशयाच्या आहेत. संशयाला शिक्षेपर्यंत नेण्यासाठी आणखी काही लागते आणि अडचण तिथेच सुरू होते.

सराफ सोन्याचा कस पाहतो तेव्हा कसोटीच्या दगडावर ग्राहकाच्या दागिन्याची रेघ ओढतो आणि ती शुद्धता आधीच ठाऊक असलेल्या सोन्याच्या रेघेशी ताडून पाहतो. ते ठाऊक असलेले सोने नसेल, तर दगड काहीच सांगत नाही. रिव्ह्यूंच्या बाबतीत असे सोने मिळवणे महाकठीण आहे, कारण खोटा रिव्ह्यू लिहिणारा स्वतःहून पुढे येत नाही. म्हणून अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली वेगळी वाट धरली. शिकागोतल्या २० हॉटेलांबद्दलचे ४०० खोटे रिव्ह्यू त्यांनी पैसे देऊन लिहवून घेतले आणि ट्रिपअ‍ॅडव्हायझरवरचे ४०० खरे वाटणारे रिव्ह्यू त्यांच्या शेजारी ठेवले. संगणकाने जवळपास ९० टक्के वेळा बरोबर ओळखले. तीन माणसांना त्यातलेच काही रिव्ह्यू वाचायला दिले, तर त्यांच्यातल्या सर्वांत चांगल्या परीक्षकालाही जेमतेम ६२ टक्के जमले. सर्वांत कमी जमलेल्याचे उत्तर नाणे उडवून मिळाले असते तितपतच होते. या प्रयोगाने दोन गोष्टी सांगितल्या. आपल्याला वाचून कळते, हा माणसाचा आत्मविश्वास फोल आहे. आणि यंत्राला माणसापेक्षा बरेच जास्त दिसते. हा ९० टक्क्यांचा आकडा मग सर्वदूर पोचला.

त्या आकड्याची दुसरी बाजू दोनच वर्षांनी पुढे आली. अर्जुन मुखर्जी, बिंग लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३मध्ये तीच मजकूर-पद्धत ‘येल्प’ या संकेतस्थळावर, तिथल्या गाळणीने बाजूला काढलेल्या प्रत्यक्ष रिव्ह्यूंवर वापरून पाहिली. अचूकता ६७.८ टक्क्यांवर आली. प्रयोगशाळेत हॉटेल न पाहता लिहिणारा मजूर आणि बाजारात या धंद्यात मुरलेला लेखक यांच्या शब्दांत फरक असणारच. लेखकांच्या वागणुकीच्या खुणा जोडल्यावर निकाल बराच सुधारला, हेही या अभ्यासाने दाखवले. पण इथे आणखी एक पेच आहे. येल्पची गाळणी बरोबर आहे असे गृहीत धरूनच हा हिशेब झाला होता आणि ती गाळणी कशी चालते हे कंपनी पूर्णपणे उघड करत नाही. म्हणजे अचूकतेचा कोणताही आकडा वाचताना ‘कोणत्या उत्तरपत्रिकेशी ताडून?’ हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. एकदा उत्तरपत्रिका बनवलेली होती, एकदा उसनी आणलेली.

समजा, एखादे साधन खरोखरच ९० टक्के अचूक आहे. तरीही बाजारात त्याचे काय होते ते साध्या गणिताने पाहता येते. एखाद्या मिक्सरखाली १,००० रिव्ह्यू आहेत आणि त्यातले १०० बनावट आहेत असे धरू. साधन बनावटांपैकी ९० पकडेल. पण उरलेल्या ९०० खऱ्यांपैकी १० टक्के, म्हणजे ९० रिव्ह्यूंवरही ते बोट ठेवेल. एकूण १८० जणांवर खोटेपणाचा शिक्का बसेल आणि त्यातले निम्मे निरपराध असतील. बनावटांचे प्रमाण याहून कमी, ५ टक्के असेल, तर पकडले जातील ४५ आणि नाहक अडकतील ९५. साधन तेच, अचूकता तीच. पण दर तीन आरोपांतले दोन खोटे. प्रयोगशाळेत निम्मे खरे आणि निम्मे खोटे रिव्ह्यू असल्याने हा प्रश्न दिसत नाही. बाजारात मात्र सुक्याबरोबर ओलेही जळते. त्या ओल्यात ज्याने मनापासून चार ओळी लिहिल्या तो ग्राहक असतो आणि प्रामाणिकपणे माल विकणारा छोटा विक्रेताही असतो. त्याच्याकडे दाद मागायला खिडकी नसते, कारण साधनवाला आणि त्याचा काहीच संबंध नसतो.

शिवाय पुष्कळसा खोटेपणा मजकुरात नसतोच. शेरी हे, ब्रेट हॉलनबेक आणि डेव्हिड प्रोसेर्पिओ यांनी २०२२मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फेसबुकवरच्या खासगी गटांत चालणारा रिव्ह्यूंचा बाजार तपासला. तिथली रीत अशी, की ग्राहकाने अ‍ॅमेझॉनवरून वस्तू खरोखर विकत घ्यायची, पाच तारे द्यायचे आणि विक्रेत्याने नंतर पूर्ण पैसे परस्पर परत करायचे. खाते खऱ्या माणसाचे, खरेदी खरी, ‘व्हेरिफाइड’चा शिक्का खरा, खोटा आहे तो फक्त पडद्यामागचा व्यवहार आणि तो कोणत्याही शब्दात उमटत नाही. याहून पुढचा प्रकार रिव्ह्यू लपवण्याचा. ‘फॅशन नोव्हा’ या कपड्यांच्या कंपनीने चारपेक्षा कमी तारे असलेले रिव्ह्यू संकेतस्थळावर येऊच दिले नाहीत, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केला आणि २०२२मध्ये कंपनीने ४२ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. तिथे छापलेला प्रत्येक रिव्ह्यू अस्सल असला, तरी चित्र खोटेच ठरते. जे छापलेच नाही ते बाहेरून पाहणारे साधन वाचणार कसे?

मराठी वाचकाच्या दृष्टीने एक अडचण आणखी जवळची आहे. या क्षेत्रातले बहुतेक संशोधन इंग्रजी मजकुरावर झाले आहे. कॉर्नेलच्या प्रयोगात खोट्या रिव्ह्यूंमध्ये ‘मी’, ‘माझे’ असे शब्द जास्त आढळले होते आणि खोली, जागा, मांडणी यांचे तपशील कमी. मराठीत मात्र माणूस ‘परवा मागवला, काल आला, छान चालतोय’ असे लिहितो. त्यात ‘मी’ एकदाही येत नाही, कारण क्रियापदच भार उचलते. त्यात कुणी रोमन लिपीत लिहितो, कुणी अर्धे हिंदीत; आणि पुष्कळजण ‘पैसा वसूल’ या दोन शब्दांवर थांबतात. हे दोन शब्द हजार जणांनी लिहिले, तर ती नक्कल नव्हे, ती भाषेची सवय आहे. दिवाळीच्या सेलनंतर रिव्ह्यूंची लाट येते तीही कटाची खूण असेलच असे नाही. परक्या भाषेच्या आणि परक्या बाजाराच्या मापाने घडलेले साधन इथे लावायचे, तर त्याची इथेच नव्याने परीक्षा घ्यायला हवी.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की साधन चुकत असले तरी काहीच नसण्यापेक्षा बरे. माणसाला तर वाचून काहीच कळत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धे. घाऊक पातळीवर हे खरोखर उपयोगी पडते आणि त्याचा उत्तम दाखला २०१४ सालच्या एका अभ्यासात आहे. डीना मेझलिन, यानिव्ह डोव्हर आणि ज्युडिथ शेव्हेलिअर यांनी एकाही रिव्ह्यूवर खरे-खोटेपणाचा शिक्का न मारता दोन संकेतस्थळांची तुलना केली. ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर कोणालाही लिहिता येत होते. एक्स्पीडियावर फक्त तिथून खोली आरक्षित केलेल्यालाच. ज्या हॉटेलांच्या शेजारी स्वतंत्र मालकीचा स्पर्धक होता, त्यांच्याबद्दलचे वाईट रिव्ह्यू पहिल्या ठिकाणी तुलनेने जास्त निघाले. नेमका कोणता रिव्ह्यू खोटा हे कळले नाही, पण लबाडी कुठे पिकते हे स्वच्छ दिसले. पुराव्याला जेवढे झेपते तेवढेच इथे विचारले गेले होते, म्हणून उत्तर भक्कम आले. तेच साधन एका अक्षरात निकाल देऊ लागले, की ते चुकीपेक्षा मोठे नुकसान करते. ‘ए’ श्रेणी दिसली की ग्राहक स्वतःचे डोळे मिटतो.

दुसरा आक्षेप संकेतस्थळांचा. पैशांचा व्यवहार, फोन, पत्ता, खात्याचा इतिहास सगळे आमच्याकडे आहे, तेव्हा बाहेरच्यांनी लुडबूड करू नये. आम्हीच सफाई करतो. त्यांच्याकडे माहिती जास्त आहे हे निर्विवाद. २०२३ या एका वर्षात २५ कोटींहून अधिक संशयित रिव्ह्यू रोखले, असे अ‍ॅमेझॉनने सांगितले आहे. पण त्यातले किती खरोखर बनावट होते आणि किती निसटले, हे बाहेरच्या कोणालाही तपासता येत नाही. फेसबुक गटांच्या अभ्यासात असे दिसले, की रिव्ह्यू विकत घेतल्यावर वस्तूचे मानांकन काही काळ चढते आणि खरेदी थांबल्यावर एका ताऱ्याच्या रिव्ह्यूंचे प्रमाण वाढते. सफाई होईपर्यंत माल खपलेला असतो आणि प्रत्येक विक्रीत संकेतस्थळाचाही वाटा असतो. अशा वेळी परीक्षार्थी आणि परीक्षक एकच असून चालणार नाही.

मजकूर लिहून देणारी एआय यंत्रे घरोघर आल्यानंतर तर मजकुराची खूण आणखी क्षीण झाली आहे. यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखला, तरी तो खोटा ठरत नाही. इंग्रजी कच्चे असलेला माणूस आपला खरा अनुभव यंत्राकडून नीटनेटका करून घेत असेल, तर त्याला लबाड म्हणायचे का? लबाडी शब्दांच्या पोतात नसून व्यवहारात आहे, हे आता तरी मान्य करावे लागेल. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४पासून लागू झालेल्या नियमाने हीच बाजू पकडली. खोटे रिव्ह्यू विकणे, विकत घेणे आणि ठरावीक मत देण्याच्या अटीवर मोबदला देणे यांवर त्याने बंदी घातली. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२मध्ये ‘आयएस १९०००:२०२२’ हे मानक आणले. लिहिणाऱ्याची ओळख पडताळणे आणि रिव्ह्यू पारदर्शकपणे हाताळणे यांचे निकष त्यात आहेत. पण ते ऐच्छिक ठेवले गेले. ते बंधनकारक करण्याचा प्रस्ताव २०२४ साली चर्चेला आला. तो मार्गी लावताना त्यात आणखी तीन गोष्टी हव्यात: संकेतस्थळांच्या गाळणीची स्वतंत्र तपासणी, तिच्या दोन्ही प्रकारच्या चुकांचे जाहीर आकडे आणि नाहक अडकलेल्यांना दाद मागण्याची सोय.

तोवर अशा साधनाने एखाद्या वस्तूवर लाल खूण केली, तर तिला धूर समजावे. धूर दिसला की माणूस थांबतो, आग कुठे आहे ते पाहतो. लगेच घरमालकाला दोषी ठरवत नाही. थांबून काय पाहायचे तेही ठरलेले असावे: तारे किती यापेक्षा दोन-तीन ताऱ्यांचे रिव्ह्यू कोणत्या बिघाडाबद्दल बोलतात, महिनाभर वापरून लिहिणारे किती, वस्तू परत करण्याची अट काय. आणि हिरवी खूण दिसली तरीही हे पाहणे सोडू नये. सराफाच्या दगडावर लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या विश्वास ठेवला, कारण ठाऊक असलेल्या सोन्याची रेघ शेजारी ओढून फरक समोर दाखवता येत होता. रिव्ह्यू पारखणाऱ्या साधनांनी ती दुसरी रेघ अजून दाखवलेली नाही. ती मागणे हा प्रत्येक ग्राहकाचा हक्क आहे.