संकलक-बांधणीतील दोषनिदान

उच्च स्तरीय भाषेतील आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीस संकलक किंवा कंपायलर म्हणतात. संकलकाचीही मूळ संहितेपासून बांधणी करावी लागते. ती कोणत्या यंत्रासाठी, कोणत्या भाषांसह व कोणत्या लायब्रऱ्यांच्या आधारे व्हावी, हे आरंभी दिलेल्या पर्यायांनी ठरते. पर्याय चुकल्यास बांधणी अडते. मात्र ती पुष्कळदा मूळ चुकीपासून दूर व बऱ्याच वेळाने अडते, ही निदानातील खरी अडचण होय.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रथम प्रसृत केलेला जीसीसी हा संकलक याचे उत्तम उदाहरण आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत उदय खेडकर व त्यांचे सहकारी यांनी या संकलकाच्या अंतर्रचनेवर कार्यशाळा घेतल्या. त्यांत बांधणी हा स्वतंत्र विषय असे.

ऑब्जेक्ट फाइलीचा प्रत्यय ठरविता येत नाही, अशी तक्रार करून ही बांधणी अनेकदा थांबते. या संदेशाचा प्रत्ययाशी बहुधा काहीच संबंध नसतो. नुकताच तयार झालेला संकलक सुरूच होऊ शकलेला नसतो, कारण जीएमपी, एमपीएफआर किंवा एमपीसी ही गणिती लायब्ररी त्याला चालताना सापडत नाही. पर्यायात दिलेला लायब्ररीचा मार्ग जोडणीपुरता उपयोगी पडतो. प्रत्यक्ष चालविताना प्रणाली तो पाहत नाही. खरे कारण ‘कॉन्फिग.लॉग’ या नोंद-फाइलीत असते. परंतु ती सर्वांत वरच्या निर्देशिकेतील नव्हे, तर ज्या उपनिर्देशिकेत बांधणी अडली तेथील पाहावी लागते. या लायब्रऱ्यांची संहिता जीसीसीच्या संहितेतच ठेवून सर्वांची एकत्र बांधणी करणे, हा खात्रीचा उपाय. ती उतरवून घेणारी आज्ञावली जीसीसीसोबतच मिळते, पण तिला आंतरजाल लागते. गडचिरोलीच्या अंतर्भागासारख्या, जोडणी खंडित होणाऱ्या वनप्रदेशात संहिता अगोदरच आणून ठेवणे श्रेयस्कर.

चौसष्ट-बिटी यंत्रावर बत्तीस-बिटी शीर्षफाइली नसल्यासही बांधणी अडते. तेव्हा ‘डिसेबल-मल्टिलिब’ हा पर्याय सुचविला जातो. त्याने बांधणी पुरी होते, परंतु तयार झालेल्या संकलकाबरोबर बत्तीस-बिटी आज्ञावलींसाठी लागणाऱ्या लायब्रऱ्या येत नाहीत. त्याचप्रमाणे, संकलकाचे तीन फेऱ्यांत संकलन करून दुसऱ्या व तिसऱ्या फेरीतील फलिते ताडून पाहण्याची तपासणी पर्यायाने बंद करता येते. तुलनेत फरक आढळला म्हणून ती बंद करणे म्हणजे दोष झाकणे होय.

पर्याय बदलल्यानंतर जुनी बांधणी-निर्देशिका काढून टाकून नव्या, रिकाम्या निर्देशिकेत आरंभ करावा; अन्यथा आधीच्या प्रयत्नातील निष्कर्ष शिल्लक राहून नवा, बरोबर पर्यायही चुकीचा भासतो.