तलफ आणि तिची वेसण

तंबाखूवरचे व्याख्यान म्हटले की उपदेश ऐकण्याची तयारी ठेवूनच माणसे येतात. आज आम्ही उपदेश करणार नाही. उपदेशाने विडी सुटत असती, तर कारखान्याच्या दारावरच्या पाट्या वाचूनच ती सुटली असती. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. रात्रपाळीला डोळा लागू नये म्हणून, जेवणाच्या सुट्टीपर्यंत भूक मरावी म्हणून तंबाखूचा बार भरणारे सोबती आम्ही रोज पाहतो. ‘यांच्या मनाला निर्धारच नाही’ हा शिक्का आम्हांला मान्य नाही. आठ-आठ तास यंत्रापुढे उभा राहणारा माणूस निर्धाराने दुबळा कसा म्हणावा? खरी गोष्ट वेगळी आहे, आणि ती रसायनशास्त्रात सापडते.

तंबाखूत निकोटीन नावाचे द्रव्य असते. धुराचा झुरका घेतला की ते फुप्फुसांतून रक्तात जाते आणि 10 ते 20 सेकंदांत मेंदूत पोचते. हात वर केला की लगेच मजुरी हातावर पडावी, तसा हा व्यवहार. मेंदूला त्याची चटक लागते. पण रक्तातले निकोटीन सुमारे 2 तासांत निम्म्यावर येते, आणि मग तलफ दारात उभी राहते. म्हणजे व्यसन जडते ते केवळ द्रव्यामुळे नव्हे, तर द्रव्य ज्या वेगाने पोचते त्या वेगामुळेही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. तलफ निकोटीनची असली, तरी कर्करोग होतो तो मुख्यतः इतर द्रव्यांनी. विडी-सिगारेटच्या धुरात डांबर व कार्बन मोनॉक्साइड असतो. खाण्याच्या तंबाखूत नायट्रोसामिन ही कर्करोगकारक द्रव्ये असतात. मग निकोटीन तेवढे वेगळे काढून, हळूहळू आणि मोजून का देऊ नये? याच प्रश्नातून ही औषधे जन्मली.

त्याची सुरुवात स्वीडनमध्ये झाली. पाणबुडीत धूम्रपान करता येत नसे, तेव्हा खलाशी तोंडात ठेवायच्या तंबाखूवर वेळ भागवीत. ही गोष्ट लुंड येथील क्लेस लुंडग्रेन यांच्या ध्यानात आली. त्यांनी 1967 साली ती हेल्सिंगबोर्गच्या लिओ कंपनीतील संशोधक ओव्हे फर्नो यांना कळविली. फर्नो यांनी त्यावरून निकोटीनचा चघळण्याचा गम तयार केला. 1978 साली स्वित्झर्लंडने आणि 1984 साली अमेरिकेने त्याला औषध म्हणून मान्यता दिली.

या गमात निकोटीन मोकळे नसते. ते एका विशिष्ट राळेला बांधलेले असते. चघळताना लाळेतले क्षार राळेत शिरून निकोटीनची जागा घेतात, आणि ते थोडे थोडे सुटते. शिवाय गमात सोड्यासारखे अल्कली घातलेले असते, कारण अल्कलीयुक्त लाळेतूनच निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेत चांगले मुरते. श्रोतेहो, तळहातावर तंबाखूला चुना लावून मळणारा आपला माणूस हीच युक्ती पिढ्यान् पिढ्या वापरीत आला आहे! चुना अल्कलीच आहे. फरक एवढाच की चुना निकोटीनला मोकाट सोडतो आणि राळ त्याला वेसण घालते.

म्हणून हा गम साध्या च्युइंगगमसारखा सपासप चघळायचा नसतो. चार-सहा वेळा चावावा, जिभेला चरचरले की गालात ठेवून द्यावा, चरचर ओसरली की पुन्हा चावावा. लाळ गिळत राहिल्यास निकोटीन पोटात जाते, मळमळ व उचकी सुरू होते, आणि पोटातून गेलेले बरेचसे यकृतातच मोडते. कॉफी किंवा आंबट पेय घेऊन लगेच गम चघळला, तर गुण कमी येतो. ‘गम खाल्ला, काही उपयोग नाही’ असे सांगणाऱ्या पुष्कळांची अडचण नेमकी इथे असते.

दुसरे साधन कातडीवर लावायच्या पट्टीचे. निकोटीन कातडीतून आत जाते, हे तंबाखूच्या मळ्यातल्या मजुरांना अंगावरच्या दुखण्याने कळलेले आहे: ओली पाने खुडताना त्यांना मळमळ, ओकारी, चक्कर येते. तोच गुण पट्टीत शिस्तीने वापरलेला असतो. पट्टीच्या थरांतून निकोटीन ठरावीक गतीने झिरपते, 16 किंवा 24 तास पुरते. अमेरिकेत 1991 साली तिला मान्यता मिळाली. दिवसाकाठी 21 मिलिग्रॅमपासून आरंभ करून काही आठवड्यांनी 14 आणि मग 7 वर उतरायचे, हा सर्वसाधारण क्रम.

आमच्या भाषेत सांगायचे तर पट्टी हा महिन्याचा पगार आहे, आणि गम ही अडीअडचणीची उचल. पगाराने घर चालते, पण एखाद्या वेळी अचानक गरज उभी राहतेच. म्हणून दोन्ही मिळून एकट्यापेक्षा अधिक काम देतात. चाचण्यांतही हेच दिसून आले आहे. या औषधांनी सुटका होण्याची शक्यता सुमारे दीडपट होते. ही जादू नव्हे, पण हात धरणारी मदत खास. मात्र या चाचण्या बहुतेक धूम्रपान करणाऱ्यांवरच झाल्या आहेत. आपल्या देशात 2016-17 च्या पाहणीत तंबाखू घेणारे सुमारे 26 कोटी 70 लाख प्रौढ आढळले, आणि त्यांत खाणारे ओढणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट होते. तेव्हा खाणाऱ्यांसाठी अधिक संशोधन व्हावे, ही मागणी आपणच केली पाहिजे.

सावधगिरी हवीच. हृदयविकार असेल किंवा स्त्री गरोदर असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. वापरलेल्या पट्टीतही निकोटीन उरते. ती चिकट बाजू आत दुमडून मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाकावी.

जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली आणि भारत सरकारने 2022 साली ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. पण यादीत असणे वेगळे, आणि कामगाराच्या हाती पडणे वेगळे. तंबाखूची पुडी नाक्यानाक्यावर मिळते. औषधासाठी मात्र एकरकमी पैसे मोजावे लागतात, आणि पगार तर सातवीस दिवस दूर असतो. म्हणून कारखान्याच्या दवाखान्यात गम आणि पट्टी मोफत मिळावी, सोबत समजावून सांगणारा माणूस असावा, आणि रात्रपाळीत विसाव्याची वेळ खरोखर विसाव्याची असावी. बोनसच्या मागणीपत्रात आणखी एक कलम वाढविल्याने कागद जड होत नाही. सोबत्याला ‘सोड’ म्हणण्याआधी, सोडण्याचे साधन त्याच्या हाती देणे हे संघटनेचे काम आहे.