तीच गोळी, पण गुर्दा वेगळा

अंगावर नागीण उठली की आपल्याकडे अजूनही पहिला सल्ला मिळतो तो गेरूचा लेप लावण्याचा. त्यामागोमाग इशारा येतो: नागिणीची दोन टोके जुळू देऊ नका, वेढा पूर्ण झाला की माणूस वाचत नाही. खरी गोष्ट वेगळी आहे. कांजिण्या आणणारा विषाणूच मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे दडून राहतो. वय वाढले, आजारपणाने प्रतिकारशक्ती घटली की तो एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने पुन्हा वर येतो. म्हणून पुरळ बहुतेक वेळा अंगाच्या एकाच बाजूला असते.

यावर असायक्लोविर आणि व्हॅलासायक्लोविर ही चांगली औषधे आहेत. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केली तर त्यांचा सर्वांत जास्त उपयोग होतो. कपाळावर, नाकावर किंवा डोळ्याजवळ पुरळ असेल तर दृष्टीलाही धोका असतो, तेव्हा एक दिवसही दवडू नये. मात्र औषध चांगले आहे म्हणून ते सर्वांना एकाच मात्रेत द्यायचे नसते. घरातल्या दादीजानचा किंवा अब्बांचा गुर्दा कमजोर असेल, तर तरुण मुलाला गुण देणारी तीच मात्रा त्यांना अपाय करू शकते.

गुर्द्याचे काम

घरात आपण गुर्दा म्हणतो, शाळेच्या पुस्तकात ते मूत्रपिंड असते आणि डॉक्टरांच्या तोंडी किडनी. उर्दूत हिंमतीच्या कामाला ‘दिल-गुर्द्याचे काम’ म्हणतात. हा गुर्दा रात्रंदिवस रक्त गाळतो आणि नको ते लघवीवाटे बाहेर टाकतो. असायक्लोविर शरीरातून मुख्यतः याच वाटेने जाते. निरोगी माणसाच्या रक्तात त्याचे प्रमाण सुमारे ३ तासांत निम्मे होते. ज्यांचे गुर्दे जवळजवळ बंद पडले आहेत त्यांच्यात यालाच सुमारे २० तास लागतात. पहिली गोळी निघून जाण्याआधीच दुसरी, तिसरी येऊन पडते आणि औषध साचत जाते.

म्हणूनच डॉक्टर अशा वेळी मात्रा बदलतात. नागिणीसाठी असायक्लोविरची नेहमीची मात्रा ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा. गुर्द्याची गाळण्याची क्षमता मिनिटाला १० ते २५ मिलिलिटरवर आली असेल तर तीच गोळी दर ८ तासांनी दिली जाते आणि १० च्या खाली गेली असेल तर दर १२ तासांनी. हे आकडे घरी मात्रा ठरवण्यासाठी दिलेले नाहीत. फरक किती मोठा असतो, एवढे कळावे म्हणून दिले आहेत.

‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणजे काय?

रक्ततपासणीत क्रिएटिनिन १.२ आले की घरचे निश्चिंत होतात. पण हा आकडा एकटा वाचायचा नसतो. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. म्हातारपणी स्नायू झडतात, त्यामुळे गुर्दा थकलेला असूनही आकडा फारसा वाढलेला दिसत नाही. डॉक्टर वापरतात ते एक सूत्र सातवीतल्या मुलालाही सोडवता येईल: १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, मग ७२ गुणिले क्रिएटिनिन या संख्येने भागा. स्त्री असेल तर आलेले उत्तर ०.८५ ने गुणा.

समजा ३० वर्षांचा, ७० किलो वजनाचा मुलगा आहे आणि क्रिएटिनिन १.२ आहे. उत्तर येते सुमारे ८९. आता त्याच घरातली ७२ वर्षांची, ४५ किलो वजनाची दादी घ्या. क्रिएटिनिन तेवढेच, १.२. उत्तर येते सुमारे ३०. रिपोर्टवरचा आकडा एकच, पण गुर्द्याची ताकद तिसऱ्या हिश्श्याची. म्हणून डॉक्टरांना रिपोर्टसोबत वय आणि वजनही सांगावे. बऱ्याच लॅब आता रिपोर्टवर ‘ईजीएफआर’ छापतात. तो आकडा तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला तर तो गुर्द्याचा जुनाट आजार समजतात. मधुमेह आणि रक्तदाब ही त्याची सर्वांत मोठी कारणे, आणि हे दोन्ही पाहुणे आज कोणत्या मोहल्ल्यात नाहीत?

ती ‘हवा’ नव्हे

औषध साचले तर त्याचा परिणाम डोक्यावर होऊ शकतो. औषध सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत म्हातारे माणूस असंबद्ध बोलू लागते, घरच्यांना ओळखत नाही, हात थरथरतात, नसलेली माणसे दिसतात, किंवा गुंगी येते. अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणते, ‘असर झाला, हवा लागली.’ आणि रुग्णाला रिक्षात घालून आमिलाकडे नेले जाते. दुआ जरूर करावी, पण पाय दवाखान्याकडेच वळावेत. औषधाची पाकिटे सोबत न्यावीत आणि ‘ही गोळी कधी सुरू झाली’ ते आधी सांगावे. कारण वेळेत ओळखले तर औषध थांबवून रुग्ण सहसा पूर्ववत होतो, आणि गुर्दे फारच कमजोर असतील तर डायलिसिसने हे औषध रक्तातून काढता येते. आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, घाटीचे सरकारी रुग्णालय अशा वेळेसाठीच आहे.

दुसरा धोका खुद्द गुर्द्याला असतो. शरीरात पाणी कमी असेल तर असायक्लोविरचे बारीक खडे गुर्द्याच्या नळ्यांत अडकू शकतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, उलट्या-जुलाबात हे अधिक जपावे लागते. मात्र ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी आपल्या मनाने पाणी वाढवू नये.

रमजान आणि पाच वेळांची गोळी

सहरी ते इफ्तार आपल्याकडे साधारण १३ ते १४ तास होतात. पाच वेळांची गोळी उरलेल्या रात्रीत कोंबणे म्हणजे औषध साचण्याला आमंत्रण देणे, आणि दिवसभर पाणीही नाही. ‘एवढे रोजे होऊ द्या, मग बघू’ म्हणून उपचार पुढे ढकलला तर ७२ तास निघून जातात आणि नागिणीची आग महिनोन्‌महिने मागे उरू शकते. आजारी माणसाला रोजा सोडून नंतर पूर्ण करण्याची मुभा सूरह बकरामध्ये स्पष्ट दिलेली आहे, आणि जो पुढेही रोजा ठेवू शकणार नाही त्याच्यासाठी फिदिया आहे. आधी डॉक्टरांना विचारावे, मग आलिमांना. थोरांना ही मुभा घेताना अपराधी वाटते. त्यांची समजूत घालणे हे घरातल्या लेकी-सुनांचे आणि मुलांचे काम.

इतर औषधांचे काय?

नागिणीपुरतीच ही गोष्ट नाही. ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी गेला, तेव्हापासून ऑसेल्टामिविर हे नाव घराघरांत पोहोचले. त्याचीही मात्रा गुर्दा पाहून कमी करावी लागते. हिपॅटायटिस बी आणि एचआयव्हीसाठी दिले जाणारे टेनोफोविर काही जणांच्या गुर्द्याला त्रास देऊ शकते, म्हणून ते घेणाऱ्यांनी रक्त-लघवीची तपासणी चुकवू नये. ही तपासणी सांगितली म्हणून घाबरून गोळी बंद करणे तर फारच धोक्याचे. हिपॅटायटिस बीची गोळी अचानक सोडली तर यकृताचा आजार उफाळू शकतो. गुर्द्याला अधिक सोसणारी दुसरी औषधे आहेत, बदल डॉक्टरांनी करायचा. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात हिपॅटायटिस बीची औषधे मोफत मिळतात.

आणखी एक सावधगिरी वेदनेबाबत. नागीण फार दुखते, म्हणून मेडिकलवरून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणले जाते. कमजोर गुर्द्यासाठी या गोळ्या वाईट. धातूंचे कुश्तेही तसेच. दुखण्यावर काय चालेल ते डॉक्टरांनाच विचारावे.

घरात एक कार्ड करा

घरातल्या लिहित्या-वाचत्या मुला-मुलीकडून एका जाड कागदावर लिहून घ्या: रुग्णाचे वय, वजन, शेवटचे क्रिएटिनिन आणि त्याची तारीख, ईजीएफआर, मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्यांची नावे, डायलिसिस असेल तर त्याचे वार. हे कार्ड औषधांच्या डब्यात ठेवा आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांसमोर आधी तेच ठेवा. डायलिसिसच्या दिवशी गोळी आधी घ्यायची की नंतर, हेही त्यावर लिहून घ्या. त्वचेच्या डॉक्टरांना गुर्द्याचा आजार आपोआप कळत नाही आणि शेजारणीला लागू पडलेली चिठ्ठी आपल्या अम्मीची नसते. ‘यांचा गुर्दा कमजोर आहे, मात्रा तशी बघाल का?’ एवढे एक वाक्य विचारायला संकोच करू नका. कोणत्याही चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येणार नाही.