जेट शिकलास ना, मग हे पंख्याचं काऊन?

पायलटचं लायसन्स हातात आहे, नोकरी नाही. आता ‘जेट ओरिएंटेशन’साठी अजून काही लाख मोजायचे का?

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा १६ एप्रिल २०२५ ला सुरू झाली. त्यानंतर काही महिन्यांनी मी पहिल्यांदाच ट्रेनला टांग मारून विमानाने गावी आलो. मला घ्यायला अकोल्याहून मावशी आणि मावसभाऊ आले होते. मी बाहेर पडलो तर मावशीचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच, ती लांब उभ्या एटीआर ७२ कडे बघत होती.

‘‘अव्वो बाप्पा, याले तं पंखे हायेत! तू तं जेट शिकला ना रे?’’

भाऊ खजील हसला. ‘‘आई, शिकलो पंख्याचंच. जेट तं फक्त सिम्युलेटरवर. वीस तास.’’

त्या वीस तासांनी घरातल्या एफडीचा शेवटचा तुकडा खाल्ला होता. बाकीची एफडी आणि दोन एकर वावर त्याआधीच कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएलमध्ये गेलं होतं.

बॉस, आधी हिशेब समजून घेऊ. आपल्याकडे सीपीएलला किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. ते होतं सेस्ना-पायपरसारख्या छोट्या विमानांवर. एअरलाइनमध्ये मात्र एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७. या दोन्हींच्या मधली दरी भरून देतो, असं सांगत येतो जेट ओरिएंटेशन कोर्स, लाडाने जेओसी. दिल्ली-गुरुग्राम, बंगळुरू, हैदराबाद इथे सिम्युलेटर आहेत. तिथे जाऊन राहायचं आणि शिकायचं. सीपीएल मिळवायला तो सक्तीचा नाही आणि केल्याने लायसन्सवर काही चढतही नाही. नोकरी लागली की त्या विमानाचं टाइप रेटिंग वेगळं करावंच लागतं.

आता वऱ्हाडात हा प्रश्न वाढणार. एअर इंडियाने बेलोऱ्याला पायलट ट्रेनिंग स्कूलची घोषणा २०२४ मध्ये केली, वर्षाला १८० पायलट घडवायचं टार्गेट ठेवून. २०२५ मध्ये त्यासाठी ३४ विमानांची ऑर्डर गेली : ३१ पायपर, ३ दोन इंजिनांची डायमंड. गंमत म्हणजे ही विमानं पितात जेटचं इंधन, पण इंजिन पिस्टनचं आणि पुढे पंखाच! अकोल्याच्या शिवणीला धावपट्टी आहे, पण ती वाढवायचा विषय कृषी विद्यापीठाच्या जमिनीपाशी वर्षानुवर्षं अडकला. त्यामुळे तिथल्या पोरांनी जेट बघायचं ते नागपूरला.

मग त्या वीस तासांत शिकवतात काय? सगळ्यात आधी वेग. सेस्ना १७२ उतरताना साधारण ६५ नॉट्सवर असते, ए३२० एकशेतीस-चाळीसवर. सेस्नाचं वजन हजारेक किलो, ए३२० उतरते तेव्हा साठेक टन असू शकते. थ्रस्ट वाढवला की इंजिन लगेच ओरडत नाही, काही सेकंद घेतं. म्हणजे विदर्भ एक्स्प्रेस बडनेऱ्याला थांबवायची तर ब्रेकचा विचार स्टेशन दिसायच्या बराच आधी करायचा, तसं. पायलटांचा सोपा फंडा : दर हजार फूट उतरायला तीन नॉटिकल मैल. दहा हजारांवर असाल तर तीस मैल आधी उतरायला लागा. छोट्या विमानात हा हिशेब चुकला तरी निभावतं. जेट खाली येईल तर वेग कमी होणार नाही, वेग कमी कराल तर खाली येणार नाही.

दुसरी गोष्ट माझ्या मते जास्त महत्त्वाची : दोघांनी मिळून उडवणं. एकाने चालवायचं, दुसऱ्याने लक्ष ठेवायचं, ठरलेल्या वेळी ठरलेले शब्द मोठ्याने म्हणायचे. दोनशे तासांतले बरेचसे एकट्याने निर्णय घेत काढलेल्या पोराला हे जड जातं. युरोपात म्हणूनच दोन पायलटच्या विमानाचं पहिलं टाइप रेटिंग करण्याआधी मल्टी-क्रू कोर्स सक्तीचा आहे. त्यात सिम्युलेटरचे साधारण २० तास, आणि एअरलाइनच्या दर्जाचा वाढीव कोर्स घेतला तर ४०. अमेरिकेत २००९ च्या कोलगन एअर अपघातात ५० जण गेले. त्यानंतर नियम कडक झाले आणि २०१४ पासून तिथे एअरलाइन लायसन्सच्या लेखी परीक्षेआधी ३० तास वर्ग आणि १० तास सिम्युलेटर लागतं. म्हणजे कल्पना फालतू नाही. तिकडे ती नियमाने बांधली आहे. इकडे कोर्समध्ये किती दम असेल, ते बरंचसं शिकवणाऱ्यावर.

भावाचं काय झालं? कोर्स केला लायसन्स आल्या आल्या, जोशात. मुलाखतीचा कॉल आला अकरा महिन्यांनी. सिम चेकला ऑटोपायलट बंद, फ्लाइट डायरेक्टर बंद, नुसत्या काट्यांवर अ‍ॅप्रोच करायला लावला. विमान त्याने आणलं धावपट्टीवर, पण सगळा वेळ गप्प. शेजारच्याला काय करतोय ते सांगितलंच नाही. आउट!

‘‘दादा, कोर्सात बटनं लय दाबली आम्ही. हातानं उडवलं कमी,’’ तो म्हणाला. वर त्या वीस तासांपैकी दहा तो चालवत होता, उरलेले दहा पार्टनर. हे पैसे भरताना त्याने विचारलंच नव्हतं.

माझ्या मते कोर्सने त्याला फसवलं नाही, घाईने फसवलं. हाताला लागलेला वेग अकरा महिने टिकत नाही. काट्यांवरून नजर फिरवायची सवय कच्ची असेल, तर ती ए३२० च्या महागड्या खुर्चीत बसून पक्की होत नाही. ती छोट्या विमानातच व्हावी लागते. मुलाखतीचा कॉल हातात असताना, चेकच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत केलेले सात-आठ तासही कामाला येतात. आणि हलणाऱ्या झकास सिम्युलेटरपेक्षा न हलणाऱ्यात बसलेला, लाइनवर उडालेला कॅप्टन केव्हाही परवडला. एक धोका आहे : एका पद्धतीचे कॉल घोटवून आलात आणि एअरलाइनचे वेगळे निघाले, तर आधी विसरण्यात वेळ जातो.

मार्केटचं टेन्शन वेगळंच. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. प्रत्येक वेळी जेटचा अनुभव असलेले पायलट त्याच रांगेत आले. त्यांच्यापुढे वीस तासांचं सर्टिफिकेट काय चमकणार? त्यात इन्स्ट्रुमेंट रेटिंग दरवर्षी चालू ठेवायचं, त्याचा खर्च घरातूनच.

भावाला आता दुसरा कॉल आलाय. या वेळी चार सेशन्स, चेकच्या आदल्या आठवड्यात, आणि तो आधी विचारून आलाय : मी स्वतः किती तास चालवणार, ऑटोपायलट किती वेळ बंद, शिकवणार कोण.

तोवर जठारपेठेतल्या घरी भिंतीवर ए३२० च्या कॉकपिटचं पोस्टर आहे, समोर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. डावीकडे मावशी. स्टॉपवॉच तिच्या हातात.

‘‘वन थाउजंड,’’ मावशी चष्म्यावरून बघत म्हणते.

भाऊ गप्प.

‘‘बोल ना बे! मी वन थाउजंड म्हटलं तं तुले काय म्हनाचं हाय?’’