चौरंगी, पूरन आणि लूणा : वयात येण्याचा अधिकार कोणाचा?

१९६८ मध्ये शिवकुमार बटालवी बटाल्याहून चंदीगडला राहावयास आले. ते स्टेट बँकेत नोकरीस होते. त्याच्या आदल्याच वर्षी, तिशी नुकतीच ओलांडलेल्या या कवीस ‘लूणा’ (१९६५) या काव्यनाट्यासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. लाहोर पाकिस्तानात गेल्यामुळे पंजाबला नव्या राजधानीची गरज भासली आणि त्या गरजेतून चंदीगड उभे राहिले. भूतकाळाच्या परंपरांनी न जखडलेले शहर निर्माण व्हावे, ही नेहरूंची अपेक्षा होती. ल कॉर्ब्युझिए यांच्या आराखड्याने त्या शहराला रस्त्यांची नावे देण्याऐवजी सेक्टरांचे क्रमांक दिले. अशा शहरात आलेल्या या कवीची सर्वांत महत्त्वाची निर्मिती मात्र एका जुन्या लोककथेचे पुनर्लेखन होती आणि त्या कथेची भूमी, म्हणजे सियालकोट, सीमेपलीकडे राहिली होती. शिवकुमारांचा जन्मही पलीकडेच, शकरगढ तहसिलीतील एका खेड्यात झालेला. १९४७ मध्ये त्यांचे कुटुंब बटाल्यास आले.

ही कथा पूरन भगताची. व्यक्तीची घडण, राज्याचा वारसा आणि स्वतःचे स्वतंत्र अस्तित्व या तिन्ही प्रश्नांची गाठ तिच्यात इतकी घट्ट बसलेली आहे, की तौलनिक अभ्यासात तिचा विचार केवळ ‘सावत्र आईची वासना’ या कथाघटकापुरता करणे अपुरे ठरते. कथाघटकांच्या सूचीत तिला पोटिफरच्या पत्नीच्या शेजारी जागा मिळते. ग्रीकांची फीड्रा आणि हिपॉलिटस, अशोकाची राणी तिष्यरक्षिता आणि कुणाल यांचीही आठवण ओघाने येते. पण साम्य नोंदविल्याने प्रश्न सुटत नाही, तो तेथून सुरू होतो.

सियालकोटचा राजा सलवान याला इच्छरां राणीपासून पुत्र होतो. पित्याने बारा वर्षे त्याचे मुख पाहू नये, असे ज्योतिषी सांगतात, म्हणून पूरन जन्मतःच भुयारात ठेवला जातो. दरम्यान राजा लूणा या तरुण मुलीशी विवाह करतो. ती खालच्या मानलेल्या जातीतील आहे, आणि वयाने राजाच्या मुलीसारखी. बारा वर्षांनी पूरन प्रकाशात येतो, रिवाजाप्रमाणे सावत्र आईस भेटावयास जातो, तिची मागणी नाकारतो, तिच्या खोट्या आरोपावरून राजा त्याचे हातपाय तोडवून त्याला विहिरीत टाकवितो. आणखी बारा वर्षांनी गोरखनाथ त्याला बाहेर काढतात. तो पूर्णांग होतो, योगी होतो. राणी सुंदरां त्याला गुरूकडून मागून घेते; तोही मोह सोडून तो निघून जातो, आणि ती प्राण देते. अखेर तो सियालकोटास परततो, अंध झालेल्या आईस दृष्टी देतो, लूणाला क्षमा करतो व पुत्राचा वर देतो. राज्य मात्र तो घेत नाही. लूणाच्या पोटी जन्मणारा हा पुत्र म्हणजे पंजाबी लोककथांचा पुढचा नायक, राजा रसालू. एकोणिसाव्या शतकात कादरयार या कवीने लिहिलेल्या किश्श्यामुळे ही कथा पंजाबच्या घराघरांत पोहोचली.

मराठी वाचकाला हा पूरन परका वाटण्याचे कारण नाही. तो आपल्याकडे वेगळ्या नावाने आधीपासून आहे. नाथपरंपरेत पूरन भगत आणि चौरंगीनाथ एकच मानले जातात. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस ज्ञानदेव आपली गुरुपरंपरा सांगतात तेव्हा सप्तशृंगीवर मत्स्येंद्रनाथांना भेटलेल्या, अवयव भंगलेल्या आणि त्या भेटीने पूर्णांग झालेल्या चौरंगीचा उल्लेख येतो. म्हणजे शके १२१२ मध्येच हा छिन्नांग तरुण गोदावरीच्या खोऱ्यात ओळखीचा होता, आणि त्याच्या पुनर्जन्माची जागा पंजाबातील विहीर नसून वणीचा डोंगर होती. पुढे धुंडीसुत मालू नरहरींच्या ‘नवनाथ भक्तिसार’ (शके १७४१) या पोथीत त्याला संपूर्ण चरित्र लाभले. तेथे तो कौंडण्यपूरच्या शशांगर राजाचा पुत्र कृष्णागर आहे आणि सावत्र आईचे नाव भुजावंती. हातपाय तोडण्याच्या शिक्षेला मराठीत ‘चौरंग करणे’ म्हणत. नाथाचे नाव त्या शिक्षेतूनच आले असे ही परंपरा मानते. एखाद्याची संपूर्ण ओळख त्याला झालेल्या शिक्षेवरून ठरावी, आणि तीच पुढे सिद्धपुरुषाची पदवी व्हावी, हा प्रकार लक्षणीय आहे.

येथे मराठी भाषेतील एका सूक्ष्म भेदाकडे लक्ष द्यावयास हवे. ‘वयात येणे’ हा वाक्प्रचार आपण मुख्यतः मुलीच्या संदर्भात वापरतो. मुलगा ‘हाताशी येतो’, ‘कर्ता होतो’. मुलीचे वाढणे देहावरून मोजले जाते, मुलाचे वाढणे घराला होणाऱ्या उपयोगावरून. पूरनकथेची रचना या भाषिक व्यवहाराला विलक्षण जवळची आहे. जो पुत्र बारा वर्षांनी राजाच्या हाताशी यावयाचा, त्याचेच हात पिता तोडवितो. कर्ता होण्याच्या क्षणी त्याचे कर्तेपण काढून घेतले जाते. भुयारातील बारा वर्षे आणि विहिरीतील बारा वर्षे यांची आवृत्ती सहेतुक वाटते: पहिला बंदिवास भविष्यवाणीमुळे, दुसरा न्यायाच्या नावाने, आणि दोन्ही पित्याच्या आज्ञेने.

युरोपीय ‘बिल्डुंग्सरोमान’चा नायक घर सोडतो, जग हिंडतो, चुका करतो आणि अखेर समाजात आपली जागा शोधून स्थिरावतो. गटेच्या ‘विल्हेल्म माइस्टर’पासून (१७९५–९६) हा आकृतिबंध रूढ झाला. पूरनची दिशा उलट आहे. तो जगाकडे जात नाही, जगापासून लपविला जातो. आणि घडण पूर्ण झाल्यावर समाजात स्थिरावण्याऐवजी समाजाने देऊ केलेली सर्वोच्च जागा नाकारतो. ए. के. रामानुजन यांनी भारतीय कथांतील ईडिपस प्रतिमानाची चर्चा करताना दाखविले, की येथे आक्रमण बहुधा पुत्राकडून पित्यावर होत नाही, पित्याकडून पुत्रावर होते; ययाती-पुरू आणि शंतनू-भीष्म ही त्याची ठळक उदाहरणे. पूरन या मालिकेत सहज बसतो, पण एका बाबतीत तो वेगळा आहे. पुरू आज्ञापालनाचे फळ म्हणून राज्य मिळवितो. पूरनाने आज्ञा मोडलेली नसते, तरी शिक्षा भोगतो, आणि फळ समोर येते तेव्हा ते घेत नाही. नेतृत्व नाकारण्यातून त्याचे व्यक्तित्व सिद्ध होते. नाथपंथाने राजपुत्रांच्या ज्या कथा आपल्याशा केल्या, त्यांतील भर्तृहरी आणि गोपीचंद हेही याच वाटेने गेले आहेत.

पुरूचा उल्लेख आलाच आहे, तर याच काळात मराठीत आणि कन्नडमध्ये काय घडत होते ते पाहिले पाहिजे. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. गिरीश कार्नाडांचे ‘ययाति’ हे नाटक १९६१ मध्ये. खांडेकरांनी निवेदन ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांत वाटून दिले. ज्याचे तारुण्य मागितले जाते त्या पुरूच्या वाट्याला निवेदन आले नाही. कादंबरीचा रोख भोगवादावर असल्यामुळे ते स्वाभाविक म्हणावे लागेल. पण पुत्राचे मौन पुराणातल्याइतकेच कादंबरीतही टिकून राहिले, हेही खरे. कार्नाडांनी हे नाटक लिहिले तेव्हा ते बाविशीत होते, शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला निघालेले होते, आणि घरच्यांच्या अपेक्षांचे ओझे त्यांना जाणवत होते. त्यांनी स्वतःच हा संबंध पुढे सांगितला आहे. त्यांच्या नाटकात खरा स्फोट पुरूमुळे होत नाही. पुरूची पत्नी चित्रलेखा, जिच्या संमतीचा विचार बाप-लेकांपैकी कोणीच केला नाही, ती एका रात्रीत वृद्ध झालेल्या पतीपुढे उभी राहते, ययातीला जाब विचारते आणि मरण पत्करते. महाभारतात नसलेली ही स्त्री नाटककाराला निर्माण करावी लागली. पित्याच्या आज्ञेचा हिशेब मांडावयाचा तर पुत्र अपुरा पडतो, हे त्या तरुण लेखकाच्या ध्यानी आले होते.

‘लूणा’ चार वर्षांनी आली, आणि शिवकुमारांना पात्र नव्याने निर्माण करावे लागले नाही. ते शतकानुशतके कथेत होतेच, फक्त खलनायिकेच्या जागी होते. आठ अंकांच्या या काव्यनाट्याचे शीर्षकच कथेचा केंद्रबिंदू हलविते. किश्श्यात लूणा पहिल्यांदा महत्त्वाची ठरते ती पूरन तिच्या महालात येतो तेव्हा. शिवकुमार तिला त्याच्या फार आधी, चांब्याच्या परिसरात, मैत्रिणींमध्ये, वडिलांच्या घरी दाखवितात. राजाची नजर तिच्यावर पडते, विवाह ठरतो, आणि तो ठरविताना तिला कोणी विचारीत नाही. तिची जात येथे तपशील म्हणून येत नाही. तिच्या बापाला नकार देणे का शक्य नव्हते, याचे ती उत्तर आहे. पूरनला बारा वर्षे भुयारात ठेवणाऱ्या सत्तेनेच लूणाला महालात आणले. एकाचे बालपण कोंडले गेले, दुसरीचे तारुण्य. कादरयाराच्या श्रोत्यांना हे दोन बंदिवास एकाच माणसाने लादलेले आहेत असे सुचणे अवघड होते. शिवकुमारांनी ते शेजारी शेजारी ठेवले, आणि कथेतील अपराधाची वाटणी बदलली.

येथे एक आक्षेप उपस्थित होतो आणि तो हलका नाही. खोटा आरोप ज्याचे प्राण घेऊ शकतो त्या निरपराध तरुणाचे दुःख, आरोप करणारीच्या दुःखापुढे मागे पडत नाही काय? लूणाला वाचा देताना पूरनची वाचा पुन्हा गेली, असेही म्हणता येईल. परंतु शिवकुमारांनी लूणाला निर्दोष ठरविलेले नाही. तिची इच्छा समजून घेण्याजोगी आहे आणि तिचे खोटे बोलणे अक्षम्य आहे, ही दोन्ही विधाने संहितेत एकत्र नांदतात. किश्श्यात दुसरे होते, पहिले नव्हते. जुन्या कथेत इच्छा हीच अपराध होती. नव्या कृतीत इच्छा आणि अपराध वेगळे झाले, आणि त्या दोहोंच्या मधल्या जागेत सलवान उभा असलेला दिसू लागला. स्वतःच्या इच्छेला ‘माझी’ म्हणण्याचा अधिकार ज्याला नाही, त्याला नैतिक जबाबदारीही पूर्णार्थाने घेता येत नाही. लूणा जेव्हा आपल्या इच्छेचा उच्चार करते तेव्हाच ती दोषास पात्र होण्याइतकी मोठी होते. ‘वयात येणे’ या शब्दप्रयोगाला देहापलीकडचा अर्थ या कृतीने मिळवून दिला, तो या ठिकाणी.

कवीचे स्वतःचे आयुष्य या चर्चेत आणण्याचा मोह पंजाबी समीक्षेला वारंवार झाला आहे. शिवकुमार मे १९७३ मध्ये, वयाची चाळिशीही न गाठता, निधन पावले. ऐन तारुण्याच्या ऋतूत मरण यावे ही कल्पना त्यांच्या गीतांतून लोकांच्या ओठी बसलेली होती. त्यामुळे विरहाचा चिरतरुण कवी ही प्रतिमा इतकी प्रबळ झाली, की ‘लूणा’तील विचारक्षम, जात आणि सत्ता यांची बारकाईने मांडणी करणारा लेखक तिच्याआड गेला. ‘लूणा’ भावगीतांच्या अंगाने वाचली की लूणाचे दुःख उरते, तिचा युक्तिवाद निसटतो.

तो युक्तिवाद पुढे चंदीगडच्या रंगभूमीवर एका निराळ्या वाटेने आला. नीलम मानसिंग चौधरी यांनी १९८०च्या दशकात या शहरात ‘द कंपनी’ ही नाट्यसंस्था सुरू केली. ब. व. कारंथ यांचे संगीत, सुरजित पातर यांची पंजाबी रूपांतरे आणि स्त्रीभूमिका करणाऱ्या नक्काल कलावंतांची परंपरा यांतून त्यांच्या प्रयोगांची शैली घडली. त्यांनी कार्नाडांचे ‘नागमंडल’ पंजाबीत आणले. त्याची नायिका राणी हीही घरात कुलूपबंद ठेवलेली, स्वतःच्या देहाची आणि शब्दाची ओळख बंदिवासातच करून घेणारी मुलगी आहे. आणि त्यांनी ‘फिदा’ केले, म्हणजे रासीनच्या ‘फेद्र’चे पंजाबी रूप. सावत्र पुत्रावर आसक्त झालेल्या राणीची ग्रीक-फ्रेंच कथा पंजाबी भाषेत ऐकताना पंजाबी प्रेक्षकाच्या कानात लूणा असणारच. फ्रान्समधून आलेली संहिता या प्रेक्षकापर्यंत पोहोचली ती सियालकोटच्या ओळखीमुळे. प्रभावाचा अभ्यास करणाऱ्यांनी स्वीकाराची ही बाजू सहसा मोजलेली नसते. पुरुष नक्काल स्त्रीची भूमिका करतो तेव्हा स्त्रीची इच्छा कोणाच्या देहातून बोलते, हा प्रश्नही तेथे ओघाने उभा राहतो.

महाराष्ट्रात याला समांतर असे काही घडलेले दिसत नाही. ज्ञानेश्वरीतील चौरंगी एका ओवीत पूर्णांग होऊन जातो. तेथे त्याला छिन्न करणाऱ्या राजाचा किंवा राणीचा उल्लेख नाही, असण्याचे प्रयोजनही नाही. ‘नवनाथ भक्तिसार’ घरोघरी पारायणाची पोथी झाली, पण भुजावंती तेथे आरोप करण्यापुरती येते. पंजाबी परंपरेने निदान आपल्या लूणाला क्षमा आणि पुत्र दिला होता, आणि त्या उदारतेच्या बळावर पुढे तिला स्वतःचे नाटकही मिळाले. मराठी पोथीत भुजावंतीसाठी तशा वरदानाला जागा नाही. आधुनिक मराठी लेखकांनी द्रौपदी, कुंती, गांधारी यांना वारंवार बोलते केले. भुजावंतीकडे कोणी वळले नाही, कारण बहुधा असे असावे, की महाभारत हे ‘साहित्य’ मानले गेले आणि पोथी ‘उपासना’. पंजाबात किस्सा हा प्रकार उपासना आणि मनोरंजन यांच्या मधोमध होता, जत्रेत गायिला जात होता, त्यामुळे तो कवीच्या हाती लागला. पारायणात श्रावणभर वाचल्या जाणाऱ्या पानांवर भुजावंती अजून तेवढीच आहे: शशांगराची दुसरी राणी, महालात बसलेली, आणि ती तेथे कशी आली हे कोणी विचारलेले नाही.