सेहरीचा घास आणि औषधाची गोळी

सेहरी संपायला दहा मिनिटे उरलेली असतात. घरातील वडीलधारी मंडळी घाईने शेवटचा घास घेतात आणि दुधाच्या पेल्याबरोबर थायरॉईडची, रक्तदाबाची, साखरेची अशा सगळ्या गोळ्या गिळतात. वर चमचाभर कलौंजी. अजान होते, रोजा सुरू होतो. एरवी दिवसभरात विभागलेले अन्न आणि औषध रमजानमध्ये दोनच वेळी एकत्र येतात. त्यांचे एकमेकांशी पटते की नाही, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही.

थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटीच हवी. सेहरीला उठताच ती पाण्याबरोबर घ्यावी आणि अर्धा ते एक तासाने खावे. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब ठेवाव्यात. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली, तर तिचा बराचसा गुण वाया जातो. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविके दुधाबरोबर घेतल्यास नीट शोषली जात नाहीत. इसबगोल आणि औषध यांतही दोन तासांचे अंतर असावे.

हदीसमध्ये कलौंजीचा उल्लेख शिफा म्हणून आला आहे, त्यामुळे तिच्यावर घरोघरी श्रद्धा आहे. पण ज्या वस्तूत गुण आहे, ती औषधाच्या कामातही हात घालणारच. कलौंजी आणि मेथीदाणा रक्तातील साखर काहीशी उतरवतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन सुरू असताना रोज चमचे भरून ते घेतले आणि त्यात दिवसभराचा उपवास, तर असरच्या सुमारास घाम, थरथर, अंधारी येऊ शकते. साखर ७०च्या खाली गेली, तर रोजा लगेच सोडावा.

खजुरात पोटॅशियम भरपूर असते. निरोगी माणसाला त्याची चिंता नाही. मात्र मूत्रपिंड कमजोर असेल आणि टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन सुरू असेल, तर खजूर आणि केळी किती खायची हे डॉक्टरांना विचारावे. तरावीहसाठी घसा साफ राहावा म्हणून चघळले जाणारे ज्येष्ठमध उलट वागते. रोज जास्त घेतल्यास ते पोटॅशियम घटवते आणि रक्तदाब वाढवते. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालक-मेथीचे प्रमाण अचानक वाढवू किंवा घटवू नये.

यातले काहीच वर्ज्य नाही; वेळ आणि प्रमाण सांभाळायचे आहे. अडचण वेगळीच आहे. ‘आणखी काही घेता का?’ असे डॉक्टरांनी विचारले की उत्तर येते, ‘काही नाही.’ कलौंजी, मेथीदाणा, ज्येष्ठमध यांना कुणी औषधात मोजतच नाही. पुढच्या भेटीत चिठ्ठीबरोबर या डब्यांची नावेही सांगावीत. मनाने गोळी बंद करू नये, तिची वेळही बदलू नये. आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची मुभा कुरआनच्या सूरह बकरामध्येच दिलेली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.